माझ्याही वर चढा

कुरेसे, ६ जुलै

किसाबुरोदादा,

पावसाळा सरत आलाय, पण निरोप घेऊन गेलेला पाहुणा छत्री विसरली म्हणून परत यावा तसा रोज दुपारी एकदा येऊन जातो. कुंपणावरची निळी फुलं अजून टवटवीत आहेत. ही झाली हवेची ओळ. गेल्या पत्रात तू नुसतं ‘इथे थंडी’ असं लिहिलंस. पत्राची पहिली ओळ हवेची असते हे शिकवताना मास्तरांनी तुझ्या हातावर फूटपट्टी मोडली होती. ती फुकट गेली म्हणायची.

बातमी अशी की आपल्या गावाचा इतिहास छापून निघणार आहे. शेतीचं प्रकरण शेतकी संघाकडे, देवळांचं पुजाऱ्याकडे आणि संकटांचं माझ्याकडे. नगराध्यक्ष मोरिवाकी स्वतः घरी आले, दोन कप चहा प्यायले आणि म्हणाले की पूर, वादळं, गारा, दरडी हे सगळं चितोसेबाईंशिवाय कुणाला पेलणार नाही. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाले, चांगल्या अर्थानं.

महिनाभर वही घेऊन दारोदार हिंडतेय. दादा, लोकांना आपापल्या संकटाचा केवढा अभिमान असतो म्हणून सांगू. खालच्या आळीतले म्हणतात, पूर पाहावा तो आमच्याकडचा, वरच्या आळीत नुसतं चिखलपाणी. वरच्या आळीतले म्हणतात, पूर काय कुणाकडेही येतो, दरड कोसळायला नशीब लागतं. गारांच्या वर्षी गारा केवढ्या होत्या, एवढाच माझा साधा प्रश्न. कामेझो न्हावी म्हणाला, बोराएवढ्या. टोफूवाल्या ताने आजी म्हणाल्या, अंड्याएवढ्या. मोरिवाकींनी दोन्ही मुठी एकत्र करून दाखवल्या, कारण पुढच्या वर्षी निवडणूक आहे.

बाकीचंही खूप जमलंय. महापुरात एक म्हातारी आत बसून अंघोळ करायच्या लाकडी पिंपासकट वाहत गेली आणि पुलाला अडकेपर्यंत अंग चोळत होती, कारण पाणी गरम होतं. मोठ्या बर्फाच्या वर्षी ओनोंची सून लग्न होऊन माडीच्या खिडकीतून घरात आली, आणि तिची सासू म्हणते की ती अजून खाली उतरलेली नाही. दरडीच्या वर्षी मियाकेंचं तेंदूचं झाड मुळांसकट घसरत नागाईंच्या परसात येऊन उभं राहिलं. झाड त्यांचं, जमीन यांची. फळं कुणाची, यावरून दोन घरांत तीस वर्षं बोलणं नाही.

आणि या सगळ्याच्या शिखरावर माझा दगड. आठवतोय ना? वीस वर्षांपूर्वी ओकिनूकाकूंचं, म्हणजे तुझ्या आईचं घर पाडलं, तेव्हा मागच्या गवतात मला सापडला तो. गुडघ्याएवढा, चौकोनी, अंगावर जुनी अक्षरं: ‘पाणी माझ्या पायाशी आलं होतं. माझ्याही वर चढा.’ कुठल्या काळातला कोण जाणे, पण पूर्वजांनी आपल्याला सांगून ठेवलंय की पाणी कुठवर येतं. गावात त्याला ‘चितोसेबाईंचा दगड’ म्हणतात. मी म्हणू नका म्हणते, पण फार जोरात नाही म्हणत. या वर्षी एक सप्टेंबरच्या आपत्ती-सरावाच्या दिवशी त्याच्याशेजारी माझ्या नावाची पाटी लागणार आहे.

तुझं लहानपण त्याच अंगणात गेलं. दगडाबद्दल काकू काही सांगायच्या का? जे आठवेल ते लिही. पुस्तकात तुझं नाव घालीन.

चितोसे

*

ओतारू, १९ जुलै

चितो,

इथे उत्तरेत समुद्रावरून गार वारा येतो, धुकं बंदरातल्या बोटींना पोटाशी धरून बसतं, आणि सकाळी गुडघा मला आकाशवाणीच्या आधी हवेचा अंदाज सांगतो. झाली का ओळ? आता फूटपट्टी खाली ठेव.

तुझं प्रकरण वाचून पोट धरून हसलो. पिंपातल्या म्हातारीच्या गोष्टीत एक भर घाल. पुलावरून तिला वर ओढायला माझे वडील गेले होते, तेव्हा तिनं त्यांना आधी डोळे मिटायला लावले, आणि डोळे मिटल्यामुळे ते स्वतः पाण्यात पडले. भूकंप, वीज, आग आणि बाप, या चार गोष्टींना घाबरावं असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या घरी त्या दिवसापासून तीनच उरल्या.

वाऱ्याच्या वर्षी शाळेची घंटा उडून खालच्या गावात पडली होती, तेही घाल. त्यांनी ती परत केली नाही. आपण त्यांच्याकडे वेळ विचारायला जायचो.

दगडाबद्दल म्हणशील तर मला विशेष काही आठवत नाही. परसात दगड पुष्कळ होते. माझं ऐकशील तर पुस्तकात त्याच्यावर फार भर देऊ नकोस. एक-दोन ओळी पुरेत. जुन्या दगडांचं काय, आज इथे, उद्या तिथे. आणि पाटीची घाई कशाला? पाटी काय, कधीही लावता येते.

तुझी तब्येत कशी आहे? यंदा मुळा पेरलास का?

किसाबुरो

*

कुरेसे, २७ जुलै

किसाबुरोदादा,

पावसाळा सरला. रातकिड्यांची जागा झाडावरच्या किरकिऱ्यांनी घेतली आहे आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तुझं पत्र वाचून मीही थोडी तापले आहे, त्यामुळे हवा नेमकी किती गरम आहे ते सांगता येत नाही.

‘एक-दोन ओळी पुरेत’ म्हणे. दादा, तुझ्या अंगणात तू तेरा-चौदा वर्षं खेळलास आणि तुला दगड दिसला नाही, तो मला दिसला, हे तुझ्या पोटात दुखतंय. कबूल कर. लहानपणीसुद्धा मला आधी काजवा दिसला की तू म्हणायचास, तो काजवा नाहीच.

पण तुझी जिरवायला माझ्याकडे आता शास्त्र आहे. शहरातून प्राध्यापक इनुझुका आले होते. मोठा माणूस, भिंग दोरीनं गळ्यात बांधलेलं. त्यांनी दगडासमोर आडवं पडून पाऊण तास पाहणी केली. दोन शोध लागले. एक, कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत पिवळा रंग आहे. असा रंग त्यांनी आजवर कुठल्याच पूरशिळेवर पाहिला नव्हता. प्राचीन पूजाविधीतला असावा, असं त्यांचं मत आहे. दोन, आणि हे बसून वाच, दगडात मीठ मुरलेलं आहे. नदीच्या पाण्याला मीठ कुठलं? म्हणजे पाणी समुद्राचं होतं. समुद्र आपल्यापासून चाळीस किलोमीटरवर, मध्ये दोन डोंगर, तरी कधीकाळी एक अशी लाट आली की ती ओकिनूकाकूंच्या परसापर्यंत पोचली. खालच्या आळीचे लोक हे ऐकून दोन दिवस नुसते तरंगत होते. वरच्या आळीच्या दरडीला आता कोण विचारतं?

मुख्य गोष्ट पुढे आहे. मोठ्या वादळात सगळ्या गावानं कुठे जमायचं, हे अजून नक्की नव्हतं. आता ठरलं. दगडापासून वीस पावलं वर जुन्या शाळेचा हॉल आहे. पूर्वजांनी म्हटलंय ना, माझ्याही वर चढा, तर चढलो वर. हॉलमध्ये तीनशे माणसं मावतात. पांघरुणं, कंदील, पाण्याची पिंपं सगळं तिथे नेऊन ठेवलंय. एक तारखेला सराव, त्याच दिवशी पाटी.

मुळा पेरलाय. तुला कशाला हवा मुळा? विषय बदलू नकोस.

चितोसे

*

ओतारू, ५ ऑगस्ट

चितो,

या पत्रात हवेची ओळ नाही. फार घाईचं पत्र असेल तर ती गाळायची परवानगी मास्तरांनी दिली होती. एरवी मी ती आळसानं गाळतो. आज घाईनं गाळतोय.

तो दगड आमच्या परसातला नाही. मी तिथे आणला.

मी तेरा वर्षांचा होतो. मार्गशीर्षातली थंडी, बर्फ पडलेलं. आईनं मुळे वाळवून पिंपात रचले होते आणि लोणचं दाबायला तिचा जुना दगड फुटला होता. ती म्हणाली, किसा, नदीवर जा आणि एक चांगला जड, चपटा दगड आण. आता नदी खाली, घर वर. खालून दगड आणायचा म्हणजे चढावर वाहायचा. मी विचार केला की वरून आणला तर तो आपण होऊन येईल. म्हणून मी ढकलगाडी घेऊन उलट्या दिशेनं, जलदेवतेच्या देवळाच्या जुन्या वाटेनं वर गेलो. साठाव्या पायरीच्या डावीकडे, मोठ्या सुरूखाली एक दगड उभा होता. हलवला, तर खोबणीतून सुटा झाला. तो ढकलगाडीवर ठेवला, मी त्याच्यावर बसलो, आणि आम्ही दोघं खाली आलो. आयुष्यात इतकी मजा मला परत आली नाही.

आईनं विचारलं, देवाचा तर नाही ना रे? मी म्हणालो, वाटेत पडला होता. तिनं अक्षरांची बाजू खाली करून तो लाकडी झाकणावर ठेवला, आणि त्या वर्षीचं लोणचं असं झालं की पुजारी स्वतः वाडगा घेऊन दारात आला. मग सांगायची सोय राहिली नाही. देवळाला तेव्हाच दुसऱ्या बाजूनं नव्या पायऱ्या झाल्या होत्या, जुन्या वाटेनं कुणी जात नव्हतं. देवळाला वाटलं दगड नगरपालिकेनं नेला, नगरपालिकेला वाटलं देवळानं.

आई जाईपर्यंत, पस्तीस वर्षं तो पिंपावर होता, मग घर पाडेपर्यंत दोन वर्षं गवतात. पिवळ्या रंगासाठी ती मुळ्यात भाताच्या कोंड्याबरोबर हळद घालायची. तुझ्या प्राध्यापकांचा प्राचीन विधी म्हणजे ती हळद. आणि मीठ हे मीठ. समुद्र काही आला नव्हता. तू आमच्याकडे तीन-तीन वाट्या लोणचं खायचीस, पण पिंपात कधी डोकावली नाहीस, म्हणून तुला ओळखू आला नाही.

वीस वर्षांपूर्वी का नाही सांगितलं, हे तू विचारशील. भावोजी जाऊन तेव्हा सात-आठ महिने झाले होते. तुझं एकही पत्र नव्हतं. मी लिहायचो, उत्तर नाही. आणि मग एक दिवस चार पानी पत्र आलं. पहिली ओळ हवेची, आणि पुढे सगळा दगड. तू त्याला घासून धुतलं होतंस, वाचनालयात बसून त्याची अक्षरं लावली होतीस, त्याच्यावर छप्पर घातलं होतंस. ते पत्र मी बोटीच्या इंजिनखोलीत उभ्यानं वाचलं. मला कसं सांगवेल की ते माझ्या आईच्या लोणच्याचं वजन आहे?

तोवर तो नुसता दगड होता. आता त्याच्या भरवशावर तीनशे माणसं हॉलमध्ये बसणार आहेत. पाणी त्या दगडाच्या पायाशी आलं होतं, पण तो दगड तेव्हा साठाव्या पायरीवर होता, चितो. हॉल त्याच्या कितीतरी खाली आहे.

मला वाटेल ते बोल. पण हॉल नको.

किसाबुरो

*

ओतारू, १८ ऑगस्ट
(पोस्टकार्ड)

चितो, धुकं. गार. गुडघा दुखतोय. तुझं पत्र नाही. फोन केला तर वाजत राहतो. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण लिहून दे. दोनशे दहावा दिवस जवळ आलाय. वसंतापासून मोजून दोनशे दहाव्या दिवशी वादळ येतं हे तू मला शिकवायचीस. – किसा

*

कुरेसे, २३ ऑगस्ट

किसाबुरोदादा,

उन्हाळा उतरणीला लागलाय. संध्याकाळच्या किरकिऱ्या बदलल्या, आकाश उंच झालं, आणि मी पंधरा दिवस तुझ्याशी एक शब्द बोललेली नाही. फोन वाजत होता, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसत होते.

पहिले आठ दिवस मी ठरवून टाकलं की तू खोटं बोलतोयस. काजव्यासारखंच. मग वाटलं, खोटं आहे तर ते सिद्ध करावं. ह्यांचे जुने बूट घातले, हातात विळा घेतला आणि जुन्या वाटेनं वर निघाले. बांबूनं वाट गिळली आहे. पायऱ्या मोजत, शिव्या देत वर गेले. पायऱ्या मोजताना दोनदा चुकले, कारण शिव्या जास्त होत होत्या. साठावी पायरी, डावीकडे सुरू. पानं उकरली. खाली सपाट कातळ, आणि कातळात चौकोनी खोबण. तिच्यात एक खेकडा बसला होता. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू सत्तावन्न वर्षांत कुणी विचारायला आलं नव्हतं.

मी सुतळीनं खोबण मापली. खाली येऊन दगडाचा पाय मापला. माप तंतोतंत.

तरी मन मानेना. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी गुडघ्यावर बसले आणि अक्षरांतला पिवळा रंग चाटून पाहिला. खारट. आणि मागून, अगदी थोडी, कोंड्याची आणि हळदीची चव. दादा, ती काकूंच्या मुळ्याची चव होती. त्यांच्या हातची चव आता जगात कुठे नाही असं मी धरून चालले होते. मी तिथे बसून मोठ्यानं रडले. मग प्राध्यापक इनुझुका, गळ्यात भिंग आणि समोर काकूंचं लोणचं, असं डोळ्यांसमोर आलं आणि मी इतकी हसले की ताने आजींनी खिडकी उघडून विचारलं, झटका आलाय का?

तू वीस वर्षं का गप्प बसलास, ते कळलं. खरं आहे. हे गेल्यावर मला घराबाहेर काढलं ते त्या दगडानं. लोणच्याचा असो, देवाचा असो, त्यानं काढलं. त्यासाठी मी तुझ्यावर रागावणार नाही. बाकीच्यासाठी रागावलेली आहे आणि राहीन.

मोरिवाकींना सांगितलं. ते म्हणाले, पाटी तयार आहे, वर्तमानपत्राला बोलावणं गेलंय, तेव्हा समारंभ होऊन जाऊ दे, मग शांतपणे पाहू. त्यांचं शांतपणे म्हणजे पुढच्या निवडणुकीनंतर. एक तारीख नऊ दिवसांवर आहे. सगळ्या गावासमोर मी कुठल्या तोंडानं उभी राहू? वीस वर्षं मी शाळेच्या मुलांना रांगेत नेऊन त्या दगडाला नमस्कार करायला लावला आहे.

चितोसे

*

ओतारू, २८ ऑगस्ट

चितो,

धुकं निवळलं, टेकडीवर एका झाडाचं एक पान लाल झालं. गुडघ्याला आज काही म्हणायचं नाही.

सगळं माझ्यावर घाल. माझं पाच तारखेचं पत्र तसंच्या तसं वाचून दाखव, ढकलगाडीवर बसून आलो ते सुद्धा. गावात मला लाज वाटायला आता कोण उरलंय? कामेझो उरलाय, आणि त्याच्यासमोर मी लहानपणी याहून वाईट केलेलं आहे.

आणि चितो, ते हसतील. हसू दे. फक्त पायरीचा आकडा नीट ऐकू जाईल असा म्हण.

किसा

*

कुरेसे, १४ सप्टेंबर

किसाबुरोदादा,

हवेची ओळ या वेळी लांबणार आहे. पत्रभर हवाच आहे.

एक तारखेला सगळं गाव दगडाभोवती जमलं. मोरिवाकींनी भोंगा हातात घेऊन पूर्वजांच्या दूरदृष्टीपासून सुरुवात केली. पाटीवर पांढरं कापड होतं. प्राध्यापक पहिल्या रांगेत. मी पुढे गेले, मोरिवाकींच्या हातून भोंगा काढून घेतला आणि तुझं पत्र वाचायला लागले. ‘पुजारी स्वतः वाडगा घेऊन दारात आला’ इथे आताच्या पुजाऱ्यानं खाली पाहिलं, कारण तो पुजारी म्हणजे त्याचे वडील. ‘समुद्र काही आला नव्हता’ म्हटलं आणि खालच्या आळीतून एक निराश आवाज आला, नव्हता का?

मग कामेझो हसला. तुला त्याचं हसणं माहीत आहे. त्याच्यामागे सगळं गाव. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसत होत्या, मुलं रस्त्यावर लोळत होती. ताने आजी पुढे आल्या, दगडाला हात लावला आणि म्हणाल्या, ओकिनूच्या लोणच्याचं रहस्य मी पस्तीस वर्षं विचारत होते, ते हे होतं तर. प्राध्यापकांनी भिंग पुसलं आणि लोणच्याची कृती विचारली. चांगला माणूस आहे.

हसणं ओसरल्यावर मी भोंग्यात म्हटलं, साठावी पायरी. हॉल नाही. लोणच्याच्या वर चढायचं. ते वाक्य गावानं उचललं. दुसऱ्या दिवशी दुकानात, बसथांब्यावर, शाळेत सगळीकडे तेच. मुलांनी त्याचं दोरीच्या उड्यांचं गाणं केलं. मोरिवाकींनी शेवटी मान तुकवली, कारण सगळं गाव गात असेल तर नगराध्यक्षाला गावंच लागतं. पांघरुणं आणि कंदील साठाव्या पायरीच्याही वर, देवळात नेले. कापड न काढताच पाटी गोदामात गेली.

नऊ तारखेला वादळ आलं. सकाळी डोंगर दिसेनासे झाले, दुपारी पूल. असा पाऊस मी माझ्या वहीतल्या एकाही वर्षात ऐकलेला नाही. दोन वाजता भोंगा वाजला. एरवी काय होतं ते तुला माहीत आहे. निम्मी माणसं म्हणतात, अजून बघू, निम्मी म्हणतात, आमच्या आजोबांच्या वेळी याहून मोठा होता. ताने आजींनी तर अठ्ठ्याऐंशी वर्षांत एकाही वादळासाठी घर सोडलेलं नाही. या वेळी कामेझो छत्री उलटी झालेली, तसाच रस्त्यातून ओरडत गेला, लोणच्याच्या वर, लोणच्याच्या वर! आणि माणसं हसत हसत दारं लावून बाहेर पडली. ताने आजी कामेझोच्या पाठीवर होत्या आणि वाटेत त्याच्या डोक्यावर केस किती विरळ झालेत ते मोजत होत्या. वर देवळात पोचल्यावर पाहते तर जवळजवळ प्रत्येक घरानं थट्टेत लोणच्याची एक बरणी आणलेली. भाताचे गोळे कमी आणि लोणची चौतीस. मियाके आणि नागाई एका चटईवर बसले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा बोलले, ते एकमेकांच्या मुळ्याला नावं ठेवायला.

चार वाजता नदीनं बांध सोडला.

दादा, पाणी माझ्या दगडाच्या छपरावरून गेलं. हॉलच्या दारातून शिरलं आणि खिडक्यांच्या वर चढलं. पियानो छताला लागला होता, त्याची खूण अजून आहे. त्याच हॉलमध्ये आम्ही तीनशे माणसं बसणार होतो, माझ्या दगडाच्या शब्दावर. दुसऱ्या दिवशी मी त्या दारात जाऊन उभी राहिले. मोरिवाकींनी टोपी काढली आणि बराच वेळ हातात धरून ठेवली.

माणूस एकही गेला नाही. तेवढं लिहिताना मला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं.

पाणी एकोणपन्नासाव्या पायरीवर थांबलं, खोबणीच्या अकरा पायऱ्या खाली. कामेझो नाराज आहे. म्हणतो, पूर्वजांच्या पुरानं आपल्याला पुन्हा हरवलं. तेंदूचं झाड नागाईंच्या परसातून पुन्हा घसरलं आणि आता नगरपालिकेच्या जागेत उभं आहे, त्यामुळे दोन्ही घरं एक झाली आहेत आणि मोरिवाकींशी बोलत नाहीत.

दगड मिळाला. चिखलात पालथा पडला होता, अक्षरं खाली, जसा काकू ठेवायच्या तसाच. आता तो वर न्यायचा आहे. तू आणलास, तू ने. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, ढकलगाडी कामेझो ओढेल.

मागच्या बाजूला काय कोरायचं ते सगळ्या गावानं मिळून ठरवलंय. वाचून दाखवते: ‘हा दगड पस्तीस वर्षं ओकिनूबाईंच्या मुळ्यावर होता. पाणी आलं की याच्या वर चढा. लोणच्यासाठी दुसरा दगड शोधा.’

ये.

चितोसे

*

(स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेली चिठ्ठी, ४ नोव्हेंबर)

चितो,

आज आकाश निरभ्र आहे, वारा नाही, सुरूवर दहिवर पडलं आहे, आणि तेंदू पिकून लाल झाले आहेत. कुणाचे ते मी विचारत नाही.

सात वाजताच्या बसनं निघतो. तू झोपली होतीस, उठवलं नाही. काल दगड खोबणीत बसला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकायला मी एवढ्या लांबून आलो असं समज. खेकड्याला दुसरीकडे जागा मिळाली, मी पाहिलं.

उठल्यावर दार जपून उघड. उंबऱ्याशी एक दगड आहे. पहाटे उठून नदीवर गेलो होतो. पुरानं काठ सगळा धुऊन काढलाय, निवडायला भरपूर आहेत. जड, चपटा, दोन्ही बाजू पाहिल्या, कुठे एक अक्षर नाही. तो घेऊन सगळा चढ चढून आलो. चार वेळा बसलो. गुडघ्यानं काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदाचा तुझा मुळा याच्याखाली घाल. हळद थोडी जास्त टाक, आई टाकायची.

तिनं मला नदीवर पाठवलं होतं. मी आत्ता परत आलो. ती असती तर म्हणाली असती, एवढा वेळ कुठे होतास रे किसा, पिंप उघडंच राहिलंय.

किसाबुरो